प्रोटीनचा डबा: विश्वास ठेवायचा तो कशावर

"आत्या, ही कंपनी चांगली आहे का गं?" माझा भाचा जिमला जायला लागल्यापासून हा प्रश्न मला सारखा विचारतो. दर वेळी कंपनी वेगळी असते, प्रश्न तोच. मोबाईलवर डब्याचा फोटो येतो, पाठोपाठ त्या डब्याची जाहिरात करणाऱ्या एखाद्या दंडभरल्या माणसाचा व्हिडिओ.

तो मला विचारतो, कारण माझी बहुतेक नोकरी कोल्हापूर जिल्ह्यातल्या एका सहकारी दूध संघाच्या प्रयोगशाळेत झाली. टँकर आला की नमुना काढायचा, फॅट, एसएनएफ (म्हणजे फॅट सोडून दुधातले बाकीचे घन पदार्थ), आम्लता बघायची, भेसळीच्या चाचण्या लावायच्या. दुधातलं प्रथिन मोजणं हे माझं रोजचं काम होतं. आणि व्हे प्रोटीन हा शेवटी दुधाचाच माल आहे. चीज करताना दूध साकळलं की जे पिवळसर पाणी उरतं, त्यातलं प्रथिन गाळून, वाळवून त्याची पावडर करतात. पनीर करताना आपल्या घरी जे पाणी उरतं, तेही याच जातीचं. म्हणून या विषयावर मला बोलता येतं, आणि आता सविस्तर लिहूनच ठेवते, म्हणजे त्याच्या मित्रांनाही वाचता येईल.

'कंपनी चांगली आहे का' या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नाही, कारण आमच्या प्रयोगशाळेत हा प्रश्नच नव्हता. कुठल्या गावचा टँकर आहे, संस्थेचा चेअरमन कोण आहे, हे बघून आम्ही नमुना सोडला नाही. काल चांगलं दूध देणाऱ्या संस्थेचं आजचं दूध आज तपासायचं. पावडरीच्या डब्यालाही मी तोच नियम लावते. हा बॅच नंबर, त्यात काय आहे, ते कुणी तपासलं, आणि डब्यावर जे लिहिलंय त्याला आधार काय, एवढंच विचारायचं.

आता तपासणीतली मेख. पोरांना ही कुणी सांगत नाही, म्हणून जरा सविस्तर लिहिते. प्रथिन मोजायची जगभर चालणारी पद्धत खूप जुनी आहे. कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेतल्या योहान केल्डाल यांनी ती १८८३ मध्ये मांडली. नमुना तीव्र सल्फ्युरिक आम्लात उकळायचा, त्यातला नायट्रोजन अमोनियाच्या रूपात मोकळा करायचा, तो मोजायचा आणि दुधाच्या पदार्थांसाठी त्याला ६.३८ ने गुणायचं. जो आकडा येतो तो प्रथिनाचा म्हणून लिहायचा. म्हणजे ही पद्धत प्रथिन मोजत नाही, नायट्रोजन मोजते. नायट्रोजन कुठून आला, हे तिला कळत नाही.

दुधात युरिया घालणारे याच फटीतून आत शिरतात. युरियात ४६ टक्क्यांहून जास्त नायट्रोजन असतो. त्याला ६.३८ ने गुणलं की १०० ग्रॅम युरियात कागदावर जवळजवळ २९८ ग्रॅम प्रथिन दिसतं. पाणी घातलेल्या दुधाचं एसएनएफही त्याने वर येतं. म्हणून आम्हाला युरियाची वेगळी चाचणी लावावी लागायची. डीएमएबीचा द्रव टाकल्यावर परीक्षानळीत गडद पिवळा रंग आला की टँकर परत. २००८ मध्ये चीनमध्ये याच कारणासाठी दुधात मेलामाईन घातलं गेलं. प्लॅस्टिकच्या धंद्यातलं हे रसायन, त्यात दोन तृतीयांश नायट्रोजन. सुमारे ३ लाख बाळं आजारी पडली, सहा दगावली. त्या बातमीनंतर आमच्या प्रयोगशाळेत कित्येक दिवस दुसरा विषय नव्हता.

प्रोटीन पावडरमध्ये युरिया घालायची गरज पडत नाही. तिथे ग्लायसिन चालतं. अमिनो आम्लं म्हणजे प्रथिनाच्या विटा. ग्लायसिन हे त्यांतलं सगळ्यात साधं, व्हेपेक्षा पुष्कळ स्वस्त, चवीला गोडसर. केल्डालच्या हिशोबात १०० ग्रॅम ग्लायसिन म्हणजे ११९ ग्रॅम प्रथिन. टॉरिन ७१ ग्रॅम. क्रिएटिन तर २०० ग्रॅमच्या वर. हे पदार्थ विष नाहीत, त्यामुळे घालणाऱ्याला 'आम्ही जास्तीची अमिनो ॲसिड्स दिली आहेत' असं छातीठोक म्हणता येतं. पण सुटं ग्लायसिन म्हणजे स्नायू बांधणारं प्रथिन नव्हे. स्नायू बांधायचं काम सुरू करण्यात ल्युसिन या अमिनो आम्लाचा वाटा मोठा, आणि चांगल्या व्हे प्रथिनात ते दहा-अकरा टक्के असतं. २४ ग्रॅम प्रथिनाचा एक स्कूप असेल तर ल्युसिन अडीच ग्रॅमच्या आसपास हवं. डब्यावर अमिनो आम्लांचा तक्ता असेल तर आधी ती ओळ बघा. तक्ताच नसेल, किंवा घटकांच्या यादीत ग्लायसिन, टॉरिन वेगळे दिसत असतील, तर प्रथिनाच्या मोठ्या आकड्याला मी किंमत देत नाही.

मागच्या पावसाळ्यात भाच्याचा एक डबा मी माझ्या जुन्या प्रयोगशाळेत नेला होता. हाताखाली तयार झालेली एक मुलगी आता तिथे जबाबदारीच्या जागेवर आहे, तिने केल्डाल लावून दिलं. आकडा डब्यावरच्या आकड्याला चिकटून आला. भाचा खूश. मी त्यातलाच थोडा नमुना पैसे भरून एका एनएबीएल मान्यतेच्या खासगी प्रयोगशाळेत अमिनो आम्लांच्या तपासणीला पाठवला. व्हेमध्ये ग्लायसिन दोन टक्क्यांच्या आसपास असायला हवं. तिथे ते कितीतरी पट निघालं, आणि ल्युसिन त्या प्रमाणात घसरलेलं. डबा नकली नव्हता. खरवडायचा कोड, होलोग्राम, कंपनीच्या साइटवरचं 'ओरिजिनल' हे उत्तर, सगळं जागच्या जागी होतं. कोडमुळे कळतं ते एवढंच, की डबा त्या कंपनीचा आहे. कंपनीने आत काय भरलंय, हे कोड सांगत नाही.

हा काही माझ्या एका डब्याचा योगायोग नव्हता. केरळमधले यकृततज्ज्ञ डॉ. सिरियाक ॲबी फिलिप्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी भारतात विकली जाणारी ३६ उत्पादनं तपासून २०२४ मध्ये निष्कर्ष छापले. २५ उत्पादनांत लेबलवरचा प्रथिनाचा आकडा खरा नव्हता, काहींत तर सांगितल्याच्या निम्मंच प्रथिन होतं. सुमारे १४ टक्के नमुन्यांत अफ्लाटॉक्सिन सापडलं, ८ टक्क्यांत कीटकनाशकांचे अंश. अफ्लाटॉक्सिन हे बुरशीचं विष, यकृताला घातक. आमच्याकडे ते दुसऱ्या वाटेने यायचं: पावसाळ्यात सरकी पेंड बुरसली की त्याचा अंश म्हशीच्या दुधात उतरतो. त्या एका गोष्टीसाठी गावोगाव बैठका घेतलेल्या आहेत आम्ही. आणि इथे दिवसाला दोन स्कूप घेणारी पोरं, त्यांना हा शब्दही माहीत नसतो.

इथवर झालं डब्यातल्या मालाबद्दल. जाहिरात हा वेगळा विषय आहे, कारण माल शंभर टक्के शुद्ध असला तरी जाहिरात खोटी असू शकते.

जाहिरातीतला फोटो बहुतेक वेळा खराच असतो. तो माणूस, ते दंड, ती छाती, सगळं आहे. खोटं असतं ते कारण. या धंद्याच्या मुळाशीच हे आहे. अमेरिकेत पेनसिल्व्हेनियातल्या यॉर्क गावी बॉब हॉफमन यांचा बारबेलचा कारखाना होता. १९५० च्या दशकात त्यांनी 'हाय-प्रोटीन' नावाने सोयाची पावडर विकायला काढली. १९६० च्या सुमारास त्यांच्याकडच्या वेटलिफ्टर्सची ताकद अचानक वाढली. हॉफमन यांच्या मासिकातून याचं श्रेय गेलं आयसोमेट्रिक व्यायामाला (न हलणाऱ्या दांड्याला जोर लावायचा व्यायाम) आणि त्यांच्या पूरक आहाराला, आणि त्या व्यायामाच्या चौकटीही त्यांच्याच कारखान्यात बनत होत्या. पण त्याच काळात डॉ. जॉन झिगलर त्या खेळाडूंना डायनाबॉल देत होते. डायनाबॉल म्हणजे सिबा कंपनीने १९५८ मध्ये बाजारात आणलेलं स्टेरॉइड. वाचणाऱ्या पोरांना दिसली चौकट आणि पावडर. गोळी दिसली नाही. २०२२ च्या डिसेंबरमध्ये 'लिव्हर किंग' नावाने जगभर गाजलेल्या माणसाने स्टेरॉइड घेत असल्याचं कबूल केलं. तोवर तो कच्चं काळीज खाऊन शरीर कमावल्याचं सांगत, प्राण्यांच्या अवयवांच्या कॅप्सूल विकत होता. मधे साठ वर्षं गेली, तरी फसवायची तऱ्हा तीच.

मग भाचा म्हणतो, "आत्या, यावर रिसर्च आहे, खाली पेपरची लिंक दिली आहे." चांगली गोष्ट आहे, पेपर वाचूया. त्यासाठी मी त्याला एक मोजपट्टी दिली आहे. १९९६ मध्ये भसीन आणि सहकाऱ्यांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. काही पुरुषांना दहा आठवडे दर आठवड्याला ६०० मिलिग्रॅम टेस्टोस्टेरॉन हे पुरुषी हार्मोन दिलं. व्यायाम आणि टेस्टोस्टेरॉन दोन्ही असलेल्या गटाचं चरबीविरहित वजन सरासरी ६.१ किलो वाढलं. नुसता व्यायाम करणाऱ्यांचं सुमारे २ किलो. ज्यांनी व्यायाम केलाच नाही, फक्त इंजेक्शन घेतलं, त्यांचंही ३.२ किलो वाढलं. हे आकडे डोक्यात ठेवायचे. आता २०१४ चा एक पेपर घ्या: एचएमबी नावाच्या पूरकाच्या एका प्रकाराने बारा आठवड्यांत ७.४ किलो चरबीविरहित वजन वाढल्याचा दावा त्यात आहे. म्हणजे दुकानात मिळणाऱ्या पुडीने टेस्टोस्टेरॉनच्या इंजेक्शनला मागे टाकलं! इतर शास्त्रज्ञांनी त्या आकड्यांवर उघड शंका घेतली, आणि नंतर दुसऱ्यांनी केलेल्या चाचणीत तसा परिणाम दिसला नाही. 'क्लिनिकली प्रूव्हन' या दोन शब्दांमागे असा एखादा पेपरही पुरतो. प्रयोगशाळेत काम केलेल्या माणसाला हे फार लागतं. एखादा नमुना बाकीच्यांपेक्षा इतका वेगळा आला, तर आम्ही आधी उपकरण तपासायचो, मग रसायन, मग स्वतःचा हात. तो आकडा छापून विकायला काढत नव्हतो.

याहून वाईट प्रकार म्हणजे पावडर खरंच काम करते तो. जी पावडर जाहिरातीइतकं काम करते, तिच्यात न सांगितलेलं काहीतरी असण्याची मला भीती वाटते. जर्मनीतल्या कोलोनच्या प्रयोगशाळेने १३ देशांतली ६३४ पूरकं तपासली होती. २००४ मध्ये छापलेल्या त्या कामात ९४ पूरकांत लेबलवर नसलेली हार्मोनजन्य द्रव्यं निघाली. एफडीए या अमेरिकेच्या अन्न-औषध खात्याने २००७ ते २०१६ या काळात चोरून औषध घातलेली ७७६ पूरकं नोंदवली. त्यांत बहुतेक लैंगिक शक्तीची आणि वजन उतरवायची, पण स्नायू वाढवायचीही ९२ होती. २०१२ च्या लंडन मॅरेथॉनमध्ये क्लेअर स्क्वायर्स ही तीस वर्षांची मुलगी शेवटच्या टप्प्यात कोसळून दगावली. तिने पाण्यात मिसळून घेतलेल्या वर्कआउट पावडरमध्ये डीएमएए हे उत्तेजक होतं, आणि चौकशीत त्याचा संबंध नोंदवला गेला. पोरं प्री-वर्कआउट घेऊन 'अंगात करंट येतो' म्हणतात तेव्हा माझ्या पोटात गोळा येतो.

'पण सरकार तपासत असेलच ना?' हा पुढचा प्रश्न. अमेरिकेत १९९४ च्या कायद्याने पूरकं औषधांतून वेगळी काढली; बाजारात आणण्याआधी ती सुरक्षित आणि गुणकारी असल्याचं औषधासारखं सिद्ध करावं लागत नाही. तिथून आलेला डबा म्हणून तो जास्त तपासलेला, हा आपल्याकडचा समज म्हणूनच टिकत नाही. आपल्याकडे न्यूट्रास्युटिकल्सचे, म्हणजे अशा पूरकांचे, नियम २०१६ मध्ये आले आणि जाहिरात व दाव्यांचे नियम २०१८ मध्ये. कागदावर ते बरे आहेत. पण डब्यावरचा चौदा आकडी एफएसएसएआय क्रमांक म्हणजे धंदा करणाऱ्याचा परवाना. त्या बॅचमध्ये लिहिलेलं सगळं आहे, याची ती हमी नव्हे. परवाना गल्लीतल्या हॉटेललाही लागतो.

सगळंच थोतांड आहे, असं मात्र मी म्हणत नाही, आणि तसं म्हटलं तर पोरं ऐकणारही नाहीत. क्रिएटिन मोनोहायड्रेटवर भरपूर काम झालंय. दिवसाला ३ ते ५ ग्रॅम, निरोगी माणसाला, ताकदीच्या व्यायामात त्याचा उपयोग होतो. ते स्वस्तही आहे, म्हणूनच बहुधा त्याच्या जाहिराती कमी आणि त्याच्या महागड्या भावंडांच्या जास्त. मूत्रपिंडाचा त्रास असेल तर मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय नाही. कॅफिनचा उपयोग होतो, तो कॉफीतही आहे. बीसीएए, म्हणजे तीन सुट्या अमिनो आम्लांची पावडर, घेऊ नका. पुरेसं प्रथिन खाणाऱ्याला ती तीन अमिनो आम्लं अन्नातूनच मिळालेली असतात, आणि बाकीची नसतील तर नुसत्या तिघांनी स्नायू बांधला जात नाही. टेस्टोस्टेरॉन 'बूस्टर'वर एक रुपया घालवू नका. वजन वाढवायच्या मास गेनरच्या डब्यामागचा तक्ता वाचा: बऱ्याचशा गेनरमध्ये सगळ्यात जास्त असतं ते माल्टोडेक्स्ट्रिन, म्हणजे स्टार्चपासून केलेली, पटकन साखर होणारी पावडर.

आणि व्हे? ते अन्न आहे. चांगलं, पचायला सोपं, महाग अन्न. त्याचा हिशोबही अन्नासारखाच करायचा. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२० च्या शिफारशीत साध्या माणसाला वजनाच्या किलोमागे ०.८३ ग्रॅम प्रथिन सांगितलंय. वजनं उचलणाऱ्यांवरच्या ४९ चाचण्या एकत्र करून २०१८ मध्ये निघालेला निष्कर्ष असा, की सरासरी १.६ ग्रॅमच्या पुढे फारसा फायदा दिसत नाही. भाचा पासष्ट किलोचा. म्हणजे त्याला लागतं सुमारे १०४ ग्रॅम. अर्धा लिटर म्हशीच्या दुधातून वीसेक ग्रॅम, चार अंड्यांतून पंचवीस, पन्नास ग्रॅम सोया चंक्समधून पंचवीस-सव्वीस, पन्नास ग्रॅम फुटाण्यांतून दहा, आणि दोन वेळच्या आमटी, उसळ, भाकरीतून पंचवीस तरी. झाले की. वहिनी रविवारी मटण करते ते वेगळंच. आमच्या बाजारभावाने अडीच हजारांच्या एक किलो डब्यात प्रथिनाचा ग्रॅम साडेतीन रुपयांच्या आसपास पडतो, अंड्यातला सव्वा रुपयाच्या आत. सोया तर त्याहून कितीतरी स्वस्त.

इथे कोल्हापुरातले काही जण म्हणतील, आमच्या तालमींत हा शहाणपणा पूर्वीपासूनच होता. खुराक होता हे खरं, बदामाची थंडाई होती, दूध होतं. पण जुनं म्हणून सगळंच बरोबर, हेही मला मान्य नाही. गंगावेशीच्या दूध कट्ट्यावरचं धारोष्ण दूध लोक प्रेमाने पितात. मी भाच्याला कच्चं दूध पिऊ देत नाही. कच्च्या दुधातून होणारा ब्रुसेलोसिस हा आजार काय असतो, हे मला माहीत आहे. दूध उकळून प्यायचं. तपासणीचा नियम लावायचा तर तो आपल्या माणसांनाही लावायचा.

कंपन्यांपेक्षा मला जास्त राग येतो तो मधल्या साखळीचा. जिमच्या काउंटरवर डबे मांडलेले असतात आणि जो ट्रेनर 'तुझं प्रोटीन कमी पडतंय' म्हणून सांगतो, त्यालाच डब्यामागे कमिशन असतं. अठरा वर्षांच्या पोराला वस्तादाच्या जागी तो ट्रेनर दिसतो. त्याच्या शब्दाला घरच्यांच्या शब्दापेक्षा जास्त वजन. सगळे ट्रेनर असे नाहीत. ज्याच्याकडे भाचा आता जातो, तो जिममध्ये डबाच ठेवत नाही, पोरांना वहीत जेवण लिहून आणायला लावतो. पण जिथे साखळी आहे तिथे ती डब्यावर थांबतेच असं नाही. शस्त्रक्रियेच्या वेळी उतरलेला रक्तदाब वर आणायला वापरतात ते मेफेंटरमाईनचं इंजेक्शन व्यायामाला जोर यावा म्हणून विकल्याबद्दल राज्यात पोलिसांनी आणि अन्न व औषध प्रशासनाने कारवाया केल्या आहेत. आईबापांनी डब्याची किंमत विचारावी, पण तो कुणी आणून दिला, हे आधी विचारावं.

भाच्याचं कॉलेज आता पुण्यात आहे, मेसच्या जेवणात प्रथिन कमी पडतं, तेव्हा एखादा डबा लागतो म्हणाला. हरकत नाही. मी त्याला सांगितलं, घेण्याआधी कंपनीला मेल कर: या बॅचचा अमिनो आम्लांचा, जड धातूंचा आणि अफ्लाटॉक्सिनचा रिपोर्ट द्या, बाहेरच्या प्रयोगशाळेचा. त्याने बऱ्याच ठिकाणी मेल केले. काहींचं उत्तरच आलं नाही, काहींनी सवलतीचे कोड पाठवले, एका कंपनीने दुसऱ्याच बॅचचा जुना कागद पाठवला. एकीने मात्र नीट रिपोर्ट दिला: प्रयोगशाळेचं नाव, तारीख, पद्धत, बॅच नंबर डब्याशी जुळणारा, ल्युसिन जिथे हवं तिथे. मी त्या प्रयोगशाळेला फोन करून रिपोर्ट क्रमांक पडताळून घेतला. तो डबा त्याने घेतला आहे. संपत आला की पुढचा मागवेल, त्याचा बॅच नंबर वेगळा असेल, तेव्हा पुन्हा मेल करायचा असं ठरलंय.